मार्ग्रेथे वाडगा आणि हळदीचा डाग : सात महिन्यांनंतर

परवा खिडकीतून वाडगा आत घेतला आणि तळाचा पिवळा डाग गेलेला दिसला. डिसेंबरपासून या डागापायी जीव वैतागला होता, म्हणून लिहिते आहे.

डेन्मार्कमध्ये राहणाऱ्यांना मार्ग्रेथे वाडगा माहीत आहेच. रोस्टी कंपनीचा, मेलामाइन या टणक प्लास्टिकचा, १९५४ सालचा. नोव्हेंबरमध्ये मला कोपनहेगनच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दोन मिळाले, मोठा पांढरा आणि लहान फिकट हिरवा. नवे घेण्यापेक्षा निम्म्याहून कमी पैशांत.

मोठ्यात धिरड्यांचं पीठ भिजवलं, ते रात्रभर राहिलं. सकाळी तळाशी पिवळं वर्तुळ. साबण, सोडा, लिंबू, सगळं झालं. शेवटी तारेच्या घासणीने खसाखसा घासलं आणि तिथेच चुकलं. पुढच्या वेळी डाग आणखी गडद. हे भांडं हळदीच्या स्वयंपाकाचं नव्हेच, असं तेव्हा मैत्रिणींनाही सांगून टाकलं होतं.

ते मत मी मागे घेते. हिरव्यातही तेच पीठ भिजवते, पण तिथे डाग जेमतेम पडतो आणि धुतला की जातो. त्याची आतली चकाकी शाबूत आहे. मोठ्याच्या तळावरून बोट फिरवलं तर खरखर लागते. आधी कुणीतरी त्यात बीटर फिरवलेला असणार, त्यात माझ्या घासणीची भर. हळद त्या चरांत बसते. मेलामाइन साच्यात तापवून दाबलं की कायमचं घट्ट होतं, पुन्हा वितळत नाही. त्यामुळे गेलेली चकाकी परत आणता येत नाही. जुना वाडगा घेताना रंगावर जाऊ नका, आत बोट फिरवून बघा.

हळद उन्हात उडते हे लहानपणापासून माहीत होतं. पण इथे डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, ऊन आणायचं कुठून? मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीत चार दिवस ठेवला, बस.

काठाचं मात्र पहिल्या दिवसापासून कौतुक आहे. एका बाजूला चोच, समोर पकड. एका हाताने वाडगा कलता करून पीठ तव्यावर सोडलं तरी बाहेरून ओघळ येत नाही. सिग्वार्ड बर्नाडोट आणि आक्टन ब्यॉर्न या डिझायनरांच्या कार्यालयातलं हे काम. बर्नाडोट जन्माने स्वीडनचा राजपुत्र, आणि पुढे डेन्मार्कची राणी झालेली मार्ग्रेथे त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. मामाच्या वाडग्याला भाचीचं नाव, हे मला फार आवडतं.

उकळती कढी यात ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नका. ७० अंशांच्या वर मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड ही रसायनं भांड्यातून अन्नात उतरू शकतात, असं अन्नातले धोके तपासणारी जर्मनीची बीएफआर ही सरकारी संस्था सांगते.

मोठा ठेवते आहे. त्याच्या बुडाचं रबरी कडं कडक होऊन सैल पडलंय, फेटताना वाडगा ओट्यावर सरकतो. त्या मापाचं कडं कुणाकडे असेल तर कळवा.