टेबलटॉप इलेक्ट्रोस्पिनिंग संच: पंप चोख, दमटपणापुढे लंगडा

इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे उच्च व्होल्टेजच्या जोरावर पॉलिमरच्या (लांब रेणूसाखळ्यांच्या पदार्थाच्या) द्रावणातून अतिसूक्ष्म तंतू ओढणं. ० ते ३० किलोव्होल्टचा पुरवठा, द्रावण ढकलणारा सिरिंज पंप, तंतू गोळा करणारा फिरता ड्रम आणि अ‍ॅक्रिलिकची बंद पेटी, असा हा प्रयोगशाळेचा संच. यात सगळ्यात उजवा पंप. ताशी ०.५ मिलिलिटर इतक्या संथ प्रवाहातही तो धक्के देत नाही, आणि तंतूंची जाडी एकसारखी यायला नेमकं हेच लागतं.

चाचणीला १० टक्के पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) घ्या. ८०-९० अंश सेल्सिअसला पाण्यात पूर्ण विरघळवून थंड करा. २२ गेजची बोथट सुई, ड्रमपासून अंतर १५ सेंटिमीटर. व्होल्टेज हळूहळू १५ ते १८ किलोव्होल्टपर्यंत चढवा. सुईच्या टोकाचा गोल थेंब आधी ताणला जातो, मग त्याचा शंकू होतो आणि शेंड्यातून केसाहून बारीक धार सुटते. थेंब टपकतच राहिला तर प्रवाह कमी करा. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंवर मणी दिसले तर द्रावण बहुधा पातळ आहे. नुसतं व्होल्टेज वाढवत बसू नका, पॉलिमरचं प्रमाण वाढवा.

खरी उणीव वेगळीच. पेटीतली आर्द्रता मोजता येते, आटोक्यात ठेवता येत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत पीव्हीएचे तंतू ओलेच ड्रमवर पडतात आणि एकमेकांना चिकटतात. डीह्युमिडिफायरचा खर्च आधीच धरा.

दार उघडताच पुरवठा तुटतो, हे उत्तम. तरीही सुईला हात लावण्याआधी, उरलेला विद्युतभार जमिनीत उतरवायला, तिला अर्थिंगची काठी टेकवाच. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड, एक विषारी द्रावक) वापरणार असाल तर एक्झॉस्टची नळी इमारतीबाहेर काढल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.