साखळीच्या घड्याळाचे ढिले काटे: जुनेच आवळावेत की दुसरे बसवावेत?

दोन्ही काटे एकमेकांशी मेळ राखून सारखेच मागे पडत असतील, तर दोष काट्यांचा नसून आतल्या कॅनन पिनियनच्या, म्हणजे मिनिटकाटा ज्यावर बसतो त्या दातेरी नळीच्या, सैल पकडीचा असतो आणि तेथे पुढील दोन्ही उपाय निरुपयोगी ठरतात. तासकाटा बरोबर तीनवर असताना मिनिटकाटा दहाच्या आकड्यापाशी रेंगाळत असेल, तरच तो बसल्या जागी सटकतो आहे असे समजावे.

माझ्या आजोबांच्या घड्याळाचे असेच झाले होते. नाशिकच्या मेन रोडवरील एका कारागिराने जुना काटा आवळण्याऐवजी भंगार मशीनमधला दुसरा काटा लावण्याचा सल्ला दिला आणि तो मला पटलाही, कारण आवळताना काट्याची पितळी बूश, म्हणजे भोकाभोवतीची छोटी नळी, चिरण्याची भीती असते आणि काटा वारंवार काढला-घातला की पकड पुन्हा सैल होते. काम अर्ध्या तासात झाले. पकडही चांगली होती. जुन्या पोलादी काट्याचा निळा रंग सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून आलेला, तर या काट्याचा वरून दिलेला. हा फरक नजरेला खटकत असे, परंतु तेवढ्यासाठी मी निर्णय बदलला नसता.

निर्णय बदलला तो घड्याळाच्या थांबण्यामुळे. पूर्ण चावी दिलेली असताना ते पहिल्यांदा ४ वाजून २२ मिनिटांनी बंद पडले आणि किंचित हलवताच पुन्हा चालू झाले. पुढे ते ८ वाजून ४४ मिनिटांनी थांबले, मग १ वाजून ५ मिनिटांनी. या वेळा वहीत टिपल्या नसत्या, तर मी मशीनलाच बोल लावत बसलो असतो. पण बारा तासांत दोन्ही काटे अकरा वेळा एकमेकांवर येतात आणि माझे घड्याळ दरवेळी त्यांतलीच एखादी वेळ गाठून थांबत होते. दुसऱ्या काट्याची बूश बसकी असल्याने तो तासकाट्याला घासत होता. त्याला वर वाक दिला, तेव्हा टोक काचेला टेकू लागले.

अखेर रविवार कारंजाजवळच्या एका वयस्क कारागिराकडे जुनाच काटा नेला. त्यांनी बुशीवर पोकळ पंच ठेवून अगदी हलके ठोके दिले, आवळलेले भोक बेताने साफ केले आणि काटा दाबताना मशीनला मागून, मधल्या चाकाच्या आसाखाली आधार दिला. नाहीतर तो दाब, आस ज्यात फिरतो त्या आतल्या खड्यावर येतो. त्याला दोन वर्षे झाली, काटा सटकलेला नाही. सर्वांनाच असा अनुभव येईल, असे मात्र मी म्हणणार नाही.

काटा गंजून झिजला असेल किंवा बूश आधीच चिरली असेल, तर दुसरा काटा घेण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी भोकाच्या मापाइतकेच बुशीच्या उंचीकडे लक्ष द्यावे आणि दुकानातून निघण्यापूर्वी काटे बारा तासांचा पूर्ण फेरा फिरवून, प्रत्येक भेटीच्या वेळी घड्याळ आडवे धरून त्यांमधील फट पाहावी. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा विचारही करू नये. त्याची वाफ तबकडीवर पांढुरकी झाक सोडते आणि थेंब खाली उतरला, तर दोन्ही काटे एकत्र जखडतात.

माझा सेकंदकाटाही थोडा डुगडुगतो. तो मशीनमधल्या चौथ्या, म्हणजे सेकंदकाटा फिरवणाऱ्या, चाकाच्या केसासारख्या बारीक टोकावर बसलेला असल्याने, ते टोक मोडले तर चाकच बदलावे लागेल; म्हणून त्याला मी अजून कोणालाही हात लावू दिलेला नाही.