बारावीचं इंग्रजी: क्लास, गाईड की स्वतः लिहिणं?

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी पालक येऊन उभे राहतात. कधी कागलकडचे शेतकरी असतात, कधी शाहूपुरीतले दुकानदार. विचारणं एकच असतं, "मॅडम, फिजिक्स-केमिस्ट्रीला क्लास आहेच. इंग्रजीलापण लावू, का गाईड आणून देऊ? घरात बसून करंल काय पोरगं?" कोल्हापुरात बारावीला इंग्रजी शिकवून मला बरीच वर्षं झाली. दारात उभ्या उभ्या या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

समोर तीन वाटा असतात. एक, क्लास लावायचा. दोन, गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच आणून त्यातली उत्तरं पाठ करायची. तीन, युवकभारती हे इंग्रजीचं पाठ्यपुस्तक, जुन्या प्रश्नपत्रिका आणि घड्याळ घेऊन स्वतः लिहायचं आणि लिहिलेलं कुणाकडून तरी तपासून घ्यायचं. मोबाइलवरच्या व्हिडिओंना मी वेगळी वाट मानत नाही. तेही एक प्रकारचा क्लासच, फक्त शिकवणाऱ्याला तुमची वही दिसत नाही.

आधी पेपर मोजून बघा

लेखी पेपर ८० गुणांचा, तोंडी परीक्षा २० गुणांची. लेखीत गद्य आणि भाषाभ्यासाला ३४ गुण, कवितेला १४, रायटिंग स्किलला (आवाहन, वृत्तांत, मुलाखतीचे प्रश्न असं लेखन) १६ आणि कादंबरी विभागाला १६.

आता प्रत्येक विभागाला एकच प्रश्न विचारा: यातलं पाठांतरावर किती येतं? गद्याचा पहिला उतारा पुस्तकातला असतो, पण तो प्रश्नपत्रिकेत छापून समोर येतो. दुसरा उतारा बाहेरचा. त्यावरचे १२ गुण, सारांशाचे ३ आणि माइंड मॅपचे (विषयाचे मुद्दे आकृतीत मांडण्याचे) ३ असे १८ गुण कुठल्याही गाईडमध्ये आधीपासून लिहिलेले नसतात. स्वतंत्र ग्रामरचे ४ गुणही तसेच. कवितेच्या ओळी छापलेल्या असतात, त्यावर १० गुण. रायटिंग स्किलचा साचा लक्षात ठेवता येतो, विषय मात्र परीक्षेत कळतो. उरलं काय? कवितेच्या रसग्रहणाचे ४ आणि कादंबरीचे १६. म्हणजे ८० पैकी जेमतेम २० गुणांना पाठांतराचा सरळ उपयोग आहे. आणि आमची बहुतेक मुलं जवळजवळ सगळा वेळ पाठांतरालाच देतात. क्लास की गाईड हे ठरवायच्या आधी ही बेरीज घरात एकदा सगळ्यांनी मिळून करा.

गाईड

गाईडला नुसती नावं ठेवणं मला पटत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला धड्याचा मराठी अर्थ हाताशी मिळाला की पुस्तक उघडायची भीती जाते, हे मी दरवर्षी बघते. कादंबरी विभागात तर गाईड खरंच कामाचं आहे. कादंबरी या साहित्यप्रकाराच्या इतिहासावर ४ गुणांचे छोटे प्रश्न येतात. पात्रं, कथानक, स्थळ-काळ यांवर थोडक्यात उत्तरं लिहायची असतात. गाईडमध्ये हे सगळं एका जागी मिळतं. रसग्रहणाचे मुद्देही ठरलेले असतात: कवी आणि शीर्षक, मध्यवर्ती कल्पना, भाषा आणि अलंकार, संदेश, तुमचं मत. ते गाईडमधून उचलायला काहीच हरकत नाही.

गाईडचा तोटा रायटिंग स्किलमध्ये दिसतो. सराव परीक्षेत एकदा वृक्षारोपणासाठी आवाहन लिहायला दिलं होतं. एका मुलीने रक्तदानाचं पाठ केलेलं आवाहन जसंच्या तसं उतरवलं आणि फक्त 'ब्लड'च्या जागी 'ट्री' घातलं. 'डोनेट अ ट्री, सेव्ह अ पेशंट' असं वाक्य तयार झालं. मुलगी हुशार होती. तिची चूक एवढीच, की तिने स्वतःचं एकही आवाहन कधी लिहिलं नव्हतं. मग मी तिला २०१९ च्या पुराबद्दल लिहायला सांगितलं. पंचगंगेचं पाणी त्यांच्या गल्लीत आलं होतं. कोरडे कपडे, पिण्याचं पाणी, लहान मुलांची औषधं, जनावरांचा चारा, काय काय लागतं हे तिला पाठ करावं लागलं नाही. इंग्रजी चुकतमाकत होतं, पण ते आवाहन तिचं होतं आणि त्याला ४ पैकी ३ गुण मी विचार न करता दिले असते.

मुलाखतीचे प्रश्न तयार करायचे असतील तर कुणी काल्पनिक खेळाडू कशाला हवा? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याला भेटलात तर काय विचाराल, हे आधी मराठीत मनाशी ठरवा आणि मग इंग्रजीत उतरवा. बातमीचा वृत्तांत लिहायचा तर रंकाळ्याच्या स्वच्छता मोहिमेचा लिहा. असे दहा विषय लिहून झाले की अकरावा विषय अनोळखी असला तरी हात थांबत नाही.

गाईड वाचण्याबद्दल आणखी एक गोष्ट. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे गद्य उतारे दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढलेला ५६ टक्के आठवला आणि पुन्हा वाचलेला ४२. मुलं सांगतात, "मॅडम, रात्री सगळं येत होतं." खरंच येत होतं. पाच मिनिटांची परीक्षा असती तर गुणही मिळाले असते. म्हणून कादंबरीचा भाग गाईडमधूनच करणार असाल तरी वाचून झालं की गाईड मिटा, कोऱ्या कागदावर लिहा आणि मग पडताळा.

क्लास

क्लासचे फायदे खरे आहेत. ठरलेल्या वेळी पोर जाऊन बसतं. ग्रामर क्रमाने होतं. शंका विचारायला माणूस असतो. ज्याला घरात बसायला जागा नाही किंवा स्वतःहून पुस्तक उघडायची सवय नाही, त्याला क्लासने एक शिस्त मिळते.

पण फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. आठवड्याला माझ्या मुलाची किती उत्तरं तपासून मिळतील? आणि पूर्ण तीन तासांचे पेपर किती घेणार? "नोट्स एकदम टॉप आहेत" असं उत्तर आलं, तर तुम्ही महागडं गाईड विकत घेताय. मोठ्या बॅचमध्ये सर फळ्यावर सुंदर शिकवतात, मुलं उतरवून घेतात आणि वहीतल्या चुका वहीतच राहतात.

बाहेरगावच्या मुलांसाठी वेळेचाही हिशेब बघा. कळ्याहून किंवा पन्हाळ्याहून एसटीने सकाळी कॉलेजला यायचं, संध्याकाळच्या क्लाससाठी मधले तीन तास स्टँडवर नाहीतर मित्राच्या खोलीवर काढायचे आणि अंधार पडल्यावर घर गाठायचं. एका तासाच्या इंग्रजीसाठी अर्धा दिवस जातो. तेवढ्या वेळात एक उतारा, एक सारांश आणि दोन रायटिंग स्किल लिहून होतात.

स्वतः लिहिणं

माझा कल या वाटेकडे आहे, आणि कारण चुकांमध्ये आहे. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आमच्या मुलांच्या लिखाणातून 'अ', 'अ‍ॅन', 'द' गळतात. 'ही गोज'मधला शेवटचा एस राहून जातो. 'डिड नॉट वेंट' तर दर दुसऱ्या वहीत. 'मला दोन भाऊ आहेत' याचं 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' होतं. 'ही वॉज टू टायर्ड टू वॉक' या वाक्यातले दोन्ही 'टू' कानाला सारखेच, त्यामुळे कुठल्या 'टू'ला दोन ओ हे लिहिताना चुकतं आणि 'सो... दॅट' वापरून वाक्य बदलायला सांगितलं की कुठल्या 'टू'च्या जागी 'सो' यायचं तेही चुकतं. या चुका प्रत्येकाच्या वेगळ्या प्रमाणात असतात. तुमच्या पाच कुठल्या, हे ना गाईडला माहीत, ना साठ मुलांच्या बॅचला. ते फक्त तपासलेल्या वहीत दिसतं. वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या चुकांची यादी ठेवा आणि पुढचं उत्तर लिहून झालं की आधी त्या यादीशी ताडून बघा. महिन्याभरात यादीतल्या दोन-तीन चुका गळून पडलेल्या दिसतील.

घड्याळाचंही तसंच. १८० मिनिटांत ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. ४ गुणांच्या रायटिंग स्किलला ९ मिनिटं, १२ गुणांच्या उताऱ्याला २७. घरी बसून निवांत लिहिलेलं सुंदर पत्र २५ मिनिटांचं असेल तर ते परीक्षेच्या कामाचं नाही. पहिल्या उताऱ्यात रमून शेवटी कादंबरीचा भाग कोरा सोडलेले पेपर मी पुष्कळ पाहिलेत, आणि कोरे राहिलेले नेमके तेच गुण होते जे पाठ करून आलेल्या मुलांना हमखास मिळणार होते.

या वाटेची अडचण मोठी आहे, ती लपवत नाही. तपासणार कोण? पहिलं उत्तर, तुमच्याच कॉलेजचे इंग्रजीचे सर किंवा मॅडम. आठवड्याला दोन उत्तरं घेऊन स्टाफरूममध्ये आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठवणारा शिक्षक मी तरी क्वचितच पाहिलाय. येणारी मुलंच कमी असतात. दुसरं, शिकलेली ताई, दादा, शेजारची बँकेत नोकरी करणारी काकू. तिसरं, मित्राशी वह्यांची अदलाबदल. मित्राचं इंग्रजी तुमच्याएवढंच कच्चं असलं तरी शीर्षक आहे का, मुद्दे सगळे आलेत का, वाक्याची सुरुवात कॅपिटलने आहे का, 'डिड'नंतर मूळ क्रियापद आहे का, एवढं तो नक्की बघू शकतो. दुसऱ्याची चूक चटकन दिसते आणि मग आपलीही दिसायला लागते.

बाहेरच्या उताऱ्याची भीती मोडायला मात्र वाचनच लागतं. आपल्याकडे १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, तालुक्याच्या गावीही वाचनालयं आहेत. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक छोटा लेख रोज, आणि त्याचा तीन-चार ओळींत सारांश. एवढं पुरे. युवकभारतीचं पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतं.

कुणी काय निवडावं

सायन्सची मुलं इंग्रजी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. त्यांनी लक्षात ठेवावं की बारावीचा पहिलाच पेपर इंग्रजीचा असतो आणि तो प्रॅक्टिकलच्या गडबडीनंतर लगेच येतो. मेडिकलला जायचं असेल तर बारावीला इंग्रजीत उत्तीर्ण असणं ही पात्रतेची अट आहे. या मुलांना क्लाससाठी वेळ नाही आणि गरजही सहसा नसते. आठवड्याला दोनदा एक-एक तास, घड्याळ लावून, तिसरी वाट. कादंबरीपुरतं गाईड.

मराठी माध्यमातून आलेल्या आणि वाक्यच जुळत नाही अशा मुलांनी क्लास लावावा, पण लहान बॅचचा, वही तपासणारा, आणि शक्यतो आत्ताच. जानेवारीत लावलेल्या क्लासमध्ये वाक्यरचना सुधारायला वेळच उरत नाही. जवळपास तसा क्लास नसेल तर तालुक्याहून कोल्हापूरला खेपा घालू नका, कॉलेजच्या शिक्षकांना धरा.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ना क्लास हवा ना पाठांतर. त्यांचे गुण जातात ते साचा न पाळल्याने आणि उत्तर लांबवल्याने. दहा जुने पेपर सोडवले तरी पुरे.

एकदा नापास झालेल्यांना मात्र मी उलटं सांगते. आधी गाईड घ्या, कादंबरी आणि रसग्रहणाचे २० गुण पक्के करा, रायटिंग स्किलच्या चार प्रकारांचे साचे घटवा. हातात काहीतरी आहे असं वाटलं की मगच उताऱ्यांकडे वळा. धीर खचलेल्या मुलासमोर पहिल्याच दिवशी अनोळखी उतारा ठेवला की ते वही मिटतं.

तोंडी परीक्षेच्या २० गुणांसाठी वेगळा खर्च करू नका. लिहिलेलं आपलंच उत्तर रोज मोठ्याने वाचा, एवढ्याने जीभ वळते.

आणि दारात उभ्या राहणाऱ्या पालकांसाठी एक काम. इंग्रजी येत नसलं तरी हे जमतं. डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी अकरा वाजता जुना पेपर पोराच्या हातात द्या, मोबाइल आपल्याकडे घ्या आणि दोन वाजता, ज्या ओळीवर पेन असेल त्या ओळीवर, पेपर काढून घ्या. मग शेवटून पानं उलटत या आणि किती प्रश्न कोरे राहिले ते मोजून कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकोनात लिहून ठेवा.