५० टक्के पेरॉक्साइडचा ३० किलोचा कॅन : माल चोख, झाकण बघून घ्या

इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये सुती कापड पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड रोजचंच. कोल्हापूर भागातल्या छोट्या युनिटांना ते बहुतेक ५० टक्क्यांचं, कॅनमधून मिळतं. माल म्हणून पाचपैकी चार गुण. एक कापलाय तो झाकणासाठी, आणि जीव जायची वेळ आली तर ती त्या एका गुणापायीच येईल.

या कॅनच्या झाकणाला हवा सुटायला बारीक भोक असतं. सावलीत ठेवलं तरी पेरॉक्साइड थोडंथोडं विघटन पावत राहतं आणि ऑक्सिजन सोडतं. १ लिटर मालातून जवळपास २०० लिटर ऑक्सिजन निघू शकतो. ३० किलो म्हणजे साधारण २५ लिटर, म्हणजे ५,००० लिटर वायू. टेम्पोत हिंदकळून सांडतं म्हणून कुणी भोकावर टेप मारतं, कुणी कॉस्टिक सोड्याच्या (हा तीव्र अल्कली) रिकाम्या कॅनचं घट्ट झाकण बसवतं. दुसरा प्रकार तर दुहेरी वाईट : वायूची वाट बंद, शिवाय झाकणाला चिकटलेला अल्कली विघटन आणखी वाढवतो. पोट फुगलेला किंवा आडवा आलेला कॅन उतरवून घेऊच नका. गोदामात कॅन गरम लागला, फुगला, तर झाकण उघडायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा, अग्निशमन दलाला कळवा, पाणी मारायचं तर लांबूनच.

टक्केवारी दर लॉटला तपासावी. १ ग्रॅम माल पाण्याने २५० मिलि करायचा, त्यातले २५ मिलि घेऊन पातळ सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि गुलाबी छटा टिकेपर्यंत ०.१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेट थेंबथेंब सोडायचं (टायट्रेशन). पुऱ्या ५० टक्क्यांना २९.४ मिलि लागतात. २७ वरच गुलाबी छटा टिकली, तर माल ४६ टक्क्यांच्या आसपास. परमँगनेटचे खडे मात्र मूळ मालाजवळही नेऊ नका, एकदम उकळी फुटते.

साठवणीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेजार. व्हॅट डाइंगचा (व्हॅट रंगांनी कापड रंगवण्याचा) हायड्रॉस (म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, आपल्याकडे गुऱ्हाळातही वापरतात तीच हायड्रो पावडर) आणि पेरॉक्साइड एका खोलीत नको. एक ऑक्सिजन देणारं, दुसरं ओढून घेणारं; दोन्ही सांडून भेटले की आग. खाली लाकडी पॅलेट नको, गोणपाट नको. सांडलेलं कॉटन वेस्टने किंवा भुशाने टिपायचं तर अजिबात नाही : पाणी उडून गेलं की तोच बोळा काही तासांनी आपोआप पेटतो. भरपूर पाण्याने धुऊन ईटीपीकडे (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेकडे) वळवा. आग लागली तर पाणीच मारायचं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर इथे कुचकामी, कारण ऑक्सिजन मालातच आहे.

काढताना प्लास्टिकचा स्वच्छ हातपंप वापरा. लोखंडी बादली, पितळी कॉक, गॅल्व्हनाइज्ड पाइप चालत नाहीत. मोजून उरलेलं परत कॅनमध्ये ओतू नका; मगातला गंजाचा एक कण सगळा कॅन तापवायला पुरतो. हाच गंज बाथमध्ये (कापड पांढरं करायच्या द्रावणात) गेला की कापडाला टाचणीएवढी भोकं पडतात आणि दोष मालाला दिला जातो. बाथ लावताना आधी पाणी, मग सिलिकेट किंवा स्टॅबिलायझर, मग कॉस्टिक, पेरॉक्साइड शेवटी. कॉस्टिक आणि मूळ पेरॉक्साइड एका बादलीत कधीच एकत्र करू नका.

हातात नायट्राइलचे किंवा पीव्हीसीचे मोजे, पायात गमबूट (चामडी बूट नकोत), डोळ्यांवर बंद गॉगल. कातडीवर पांढरे डाग पडून आग होते, लगेच पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं सलग धुवा आणि बरं वाटलं तरी डॉक्टरकडे जा, बुबुळाची इजा उशिरानेही दिसते. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत असतं, आणि कॅन उचलणारा कामगार मराठी वाचतो. पुरवठादाराकडे मराठी पत्रक मागाच. मागणाऱ्याला मिळायलाच हवं.

रिकामा कॅन तीनदा पाण्याने धुऊन, लेबल काढून, भोक पाडूनच भंगारात द्या. कुणी डिझेलला किंवा प्यायच्या पाण्याला मागितला, तरी देऊ नका.