द्सेघ येथील तुमान्यान यांचे घर

आर्मेनियाच्या लोरी प्रांतात, देबेद नदीच्या खोल दरीलगतच्या पठारावर वसलेल्या द्सेघ गावी कवी होव्हानेस तुमान्यान यांचा १८६९ मध्ये जन्म झाला आणि त्यांचे ते घर आज संग्रहालय म्हणून मायेने जपले आहे. दगडी भिंतींआडच्या गारव्यात, हाताळून गुळगुळीत झालेली लाकडी भांडी न्याहाळताना, धर्मोपदेशक वडिलांच्या संसारातले त्यांचे बालपण डोळ्यांसमोर उभे राहते. मन खरे हेलावते ते मात्र अंगणात. १९२३ मध्ये मॉस्कोत निधन पावलेल्या आणि तिबिलिसीत दफन झालेल्या या कवीचे हृदय तेवढे वेगळे काढून येथे पुरलेले आहे. तिथून माझा पाय लवकर निघेना. ‘अनुश’ हे लोरीच्याच डोंगरांत घडणारे त्यांचे काव्य आधी वाचून जावे आणि हाताशी निवांत अर्धा दिवस ठेवावा.