गर्भधारणेची हमी देणारे अ‍ॅक्युपंक्चर पॅकेज: मेलबर्नमधील फसवणूक

ऑस्ट्रेलियात चिनी उपचारपद्धतीचा व्यवसाय करणाऱ्याला २०१२ पासून राष्ट्रीय नोंदणी बंधनकारक आहे. आयव्हीएफच्या, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या, धावपळीत असलेल्या अनेक मराठी जोडप्यांना हे ठाऊक नसते, म्हणून आमच्या बाबतीत काय घडले ते सविस्तर लिहीत आहे.

पहिले आयव्हीएफ अयशस्वी झाल्यानंतर एका परिचितांच्या सांगण्यावरून आम्ही ज्या उपचारकाकडे गेलो, त्याने नाडी पाहिली, जिभेवरचा पांढरा थर मला आरशात दाखवला आणि गर्भाशय थंड पडल्यामुळे गर्भ टिकत नसल्याचे निदान केले. स्त्रीबीज परिपक्व व्हायला साधारण तीन महिने लागतात, तेवढा काळ आयव्हीएफ थांबवून अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतल्यास आणि वनौषधींच्या कॅप्सूल घेतल्यास गर्भ राहीलच, असे त्याचे म्हणणे होते. यातला तीन महिन्यांचा भाग शास्त्राला धरून आहे आणि मेख तिथेच आहे, कारण त्याच्या आधारावर पुढची हमीही खरी वाटते. पॅकेजचे सगळे पैसे आगाऊ घेतले गेले.

टेबलावर लॅमिनेट केलेला एक तक्ता होता. २००२ साली जर्मनीतील १६० स्त्रियांवरील अभ्यासात अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४२.५ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी २६.३ टक्के स्त्रियांना गर्भधारणा झाली, असे त्यावर छापले होते. आकडे खरे आहेत. मात्र त्या अभ्यासात सुया फक्त भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या आधी आणि नंतर टोचल्या होत्या, त्यामुळे तीन महिन्यांच्या पॅकेजला त्यातून कोणताही आधार मिळत नाही. शिवाय ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्येच ८४८ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या सुया टोचलेल्या गटात १८.३ टक्के, तर त्वचेत न शिरणाऱ्या दिखाऊ सुयांच्या गटात १७.८ टक्के स्त्रियांना मूल झाले, म्हणजे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. या चाचणीचा त्या खोलीत कुठेही उल्लेख नव्हता. सुयांनी मन शांत होते असे सांगून कोणी त्याचे पैसे घेतले, तर माझी हरकत नाही. पण अडतीस वर्षांच्या बाईला आयव्हीएफ पुढे ढकलायला लावणे अक्षम्य आहे, कारण त्या वयात गेलेला काळ कोणत्याही परताव्याने भरून येत नाही.

खरा प्रकार विमा कंपनीमुळे उघड झाला. पावतीवर प्रोव्हायडर नंबर, म्हणजे उपचारकाचा ओळख क्रमांक, नसल्याने दावा परत आला, तेव्हा माझ्या नवऱ्याने ‘आप्रा’ या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत त्या माणसाचे नाव शोधले आणि ते तिथे नव्हते. कॅप्सूलच्या डबीवर फक्त हाताने लिहिलेली मात्रा होती. घटकांची नावे नव्हती, उत्पादकाचे नाव नव्हते. आयव्हीएफच्या डॉक्टरांनी त्यात काय आहे असे विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. त्यांनी कॅप्सूल तत्काळ बंद करून यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घेतल्या. हा अतिरेक नव्हता, कारण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींत चुकीची वनस्पती मिसळली गेल्याने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली होती. सुदैवाने माझे अहवाल ठीक आले.

पैसे देण्याआधी नोंदवहीत नाव पाहावे, डबीतल्या घटकांची लेखी यादी मागावी आणि ती आपल्या आयव्हीएफच्या डॉक्टरांना दाखवावी. आम्ही पावती, डबीची छायाचित्रे आणि ‘गर्भ राहीलच’ अशा आशयाचे त्याचे मेसेज जोडून ‘आप्रा’कडे आणि व्हिक्टोरिया राज्याच्या आरोग्य तक्रार आयुक्तांकडे तक्रार केली आहे, पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.