कॅल्गरीतील पहिला हिवाळा: स्नोबोर्ड, बूट आणि बाकीचे सामान

डिसेंबर ते एप्रिल या काळात मी एकूण २२ दिवस स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याची फळी, वापरला. त्यातले बहुतेक दिवस शहरातल्याच कॅनडा ऑलिंपिक पार्कच्या छोट्या उतारावर गेले आणि उरलेले, एखाददुसरा अपवाद वगळता, साधारण तासाभराच्या अंतरावरील नकिस्का या स्की केंद्रात. ही दोन्ही ठिकाणे १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये वापरली गेली होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर शिकायला सुरुवात केलेल्या, पुण्यात वाढलेल्या माणसाचा हा अनुभव आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

बोर्ड निवडण्यात मी तीन आठवडे घालवले. माझी उंची १६८ सेंमी आणि वजन ७२ किलो असल्याने १५२ सेंमी लांबीचा, मऊ आणि सहज वाकणारा बोर्ड घेतला. बोर्ड हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान पोहोचावा, हा आडाखा प्रचलित असला तरी बोर्ड किती वाकेल हे उंचीवर नव्हे तर वजनावर ठरते. म्हणून उत्पादकाचा वजनाचा तक्ता पाहणे अधिक योग्य. या बोर्डाचा मधला भाग सपाट असून दोन्ही टोके किंचित उचललेली आहेत, त्यामुळे वळताना उताराकडील कड बर्फात रुतून आपटण्याचे प्रसंग कमी येतात. पूर्णपणे टळत नाहीत, हे माझे गुडघे सांगतील.

खरी चूक बुटांत झाली. दुकानात पायाला आराम वाटला म्हणून मी मापापेक्षा एक नंबर मोठे बूट घेतले आणि थंडीच्या धास्तीने आत दोन मोजे चढवले. पाच-सहा दिवसांत आतले अस्तर दबले, टाच वर उचलली जाऊ लागली आणि चवड्यांवर भार देऊन वळताना मी वाकल्यावर क्षणभराने बोर्ड वळू लागला. तो दोष मी कितीतरी दिवस स्वतःच्या कौशल्याच्या खात्यावर मांडत होतो. पुढे पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजून घेतले, ते २७ भरले, आणि त्याच मापाचे बूट घेतले. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर ती मागे सरावीत, अशी त्यांची बसण आहे. एकच पातळ लोकरी मोजा घातल्यावर पाय उलट अधिक उबदार राहतात, कारण आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही. त्या दिवसापासून तोच बोर्ड निराळा वाटू लागला.

बूट बोर्डाला जखडून ठेवणाऱ्या बाइंडिंगबद्दल तक्रार नाही. पुढचा पाय बाहेरच्या बाजूला १५ अंश आणि मागचा उलट दिशेने ९ अंश, असा कोन मला मानवला.

मनगटरक्षक मात्र मी दीड महिना टाळले, ते लहान मुलांचे वाटतात म्हणून. कॅल्गरीत चिनूक हा डोंगरांवरून येणारा उबदार वारा सुटला की दिवसा बर्फ वितळतो आणि रात्री गोठून काचेसारखा होतो. अशाच एका सकाळी मागे पडताना हात टेकला गेला आणि मनगट दहा दिवस सुजले. नवशिक्यांच्या दुखापतींत मनगटाचा क्रमांक फार वरचा असतो, हे मला आधी ठाऊक होते, तरीही टाळले. आता हेल्मेट, मनगटरक्षक आणि गादीची आतली चड्डी यांशिवाय मी उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टकडे जात नाही.

कपड्यांत सुती काहीही नको, एवढे पुरे. उणे २० अंशांत पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा बोटे एकत्र ठेवणारे मिटन बरे. गडद काचेचा गॉगल ढगाळ दिवशी निरुपयोगी ठरला. गुलाबी काच लावल्यावर उतारावरील उंचसखल भाग दिसू लागले.

मार्चमध्ये लेक लुईस या डोंगरातील मोठ्या स्की केंद्राच्या तीव्र उतारावर वेग वाढताच बोर्डाची टोके थरथरू लागली. इतक्या मऊ बोर्डाकडून तेथे स्थैर्याची अपेक्षा ठेवता येत नाही. तथापि माझे निम्म्याहून अधिक दिवस छोट्या उतारांवरच जाणार असल्याने, कडांना धार लावून आणि तळाला मेण देऊन पुढच्या हंगामातही हाच बोर्ड वापरणार आहे.